भिंतीची वेल जमिनीवर

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या बागेत एक जागा हमखास अशी असते, जिच्यापुढे मालक आणि माळी दोघांनीही हात टेकलेले असतात. आंबा, फणस किंवा वर्षावृक्षाखालची दाट सावली. तिथे एकदा लॉन लावून झालेलं असतं आणि ते विरळ होत होत गेलेलं असतं. मग ‘शेड लॉन’ म्हणून महागडं गवत आणलेलं असतं, तेही त्याच वाटेने गेलेलं असतं. शेवटी उरते उघडी माती. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि दर वर्षी थोडी थोडी माती वाहून गेल्यामुळे उघडी पडत चाललेली झाडाची मुळं. बागा करून देण्याच्या माझ्या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अशा जागांनी, आणि त्यांच्यासाठी मी पुन्हा पुन्हा जिच्याकडे वळले त्या एका वेलीने.

नर्सरीत तिला ‘वॉल क्रीपर’ म्हणतात. जुने नर्सरीवाले ‘रेपेन्स’ म्हणतात. शास्त्रीय नाव फायकस पुमिला. वड, पिंपळ, उंबर यांच्याच वंशातली, पण मूळची चीन, जपान, तैवान, व्हिएतनाम या बाजूची. लिनियसने १७५३ मध्ये तिचं वर्णन करून ठेवलं आहे. कंपाउंडच्या भिंतीला अगदी चिकटून चढलेली, दोन-तीन सेंटिमीटरच्या पानांची ही वेल आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. मी मात्र ती भिंतीवर क्वचितच लावते. मी ती जमिनीवर लावते, गवताच्या जागी.

हे प्रथम सांगितलं की लोक बिचकतात. “पण ती तर वर चढते ना?” हा प्रश्न बरोबर आहे, आणि पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं. ही वेल चढणारीच आहे. तिला उभं काही सापडेपर्यंत ती जमिनीवर पसरते. ते सापडू न देणं हेच तिला जमिनीवर ठेवणं. लावणी दोन दिवसांत होते. कडा राखणं वर्षानुवर्षं चालतं. ज्या घरी कडेकडे बघायला कोणी नसेल, तिथे मी ही वेल लावत नाही.

या वेलीच्या आयुष्यात दोन अवस्था असतात. लहानपणी पानं बारीक, पातळ, हृदयाच्या आकाराची. फांद्या पृष्ठभागाला चिकटून धावणाऱ्या. प्रत्येक पेराला चिकट मुळं. भिंतीच्या माथ्यावर पोचली, भरपूर ऊन मिळालं, की ती वयात येते. मग फांद्या जाड होतात, भिंत सोडून आडव्या बाहेर येतात, पानं पाच ते दहा सेंटिमीटरची आणि चामड्यासारखी जाड होतात, आणि लहान पेरूएवढी फळं धरतात. दोन्ही फांद्या शेजारी ठेवल्या तर एकाच झाडाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. तैवानमध्ये हिच्याच एका प्रकाराच्या फळांतल्या बिया पाण्यात चोळून थंडगार जेली करतात. आपल्याकडे फळं धरतात, पण त्यांतलं बी पडून रोपं उगवल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही. ती जिथे दिसते तिथे कुणीतरी छाट लावलेला असतो.

जमिनीवर ही वेल लहानच राहते. पण याला एक मोठी अट आहे, आणि ती मला एका इस्पितळाच्या आतल्या चौकाच्या कामात समजली. रोपं दुरून ट्रकने आली होती. हिरवीगार, टवटवीत, ठणठणीत रोपं. पानं जरा मोठी वाटली, पण खतपाणी चांगलं असेल असं सगळ्यांनीच धरलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, रोपं जोमाने वाढली, पण पसरेनात. ती वर वाढत होती. गुडघ्याएवढी झुडपं झाली आणि मधली माती उघडीच राहिली. पुरवठादाराने छाट भिंतीच्या माथ्यावरच्या, वयात आलेल्या फांद्यांचे घेतले होते. अशा फांदीचं कलम वयात आलेलंच राहतं. त्याला कितीही वाकवा, खुंट्या मारा, ते रांगायला परत जात नाही. ती सगळी रोपं काढून दुसऱ्या बागेत कुंपणाला लावली, आणि तिथे ती आजही सुरेख आहेत. चौकासाठी नवी रोपं मी स्वतः निवडली. तेव्हापासून रोप घेताना पान किती चमकतंय याकडे माझं लक्ष जात नाही. मी खोड उलटं करून पेरांवर बारीक मुळांची लव आहे का ते बघते.

त्या मुळांबद्दल थोडं सांगायलाच हवं. डार्विनने वेलींच्या हालचालींवरचा आपला अभ्यास १८६५ मध्ये प्रसिद्ध केला आणि १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यात ही वेल आहे. त्याने तिची कोवळी मुळं काचेच्या पट्ट्यांना हलकेच टेकवून ठेवली, आणि आठवड्याभराने त्यांच्यातून पारदर्शक, किंचित चिकट द्रवाचे बारीक थेंब आले. पान तोडल्यावर येतो तो दुधाळ चीक वेगळा, हा द्रव वेगळा. भिंतीवर ही मुळं चिकटण्यासाठी असतात. ओल्या मातीला टेकली की तीच मुळं आत शिरतात, पाणी घेतात आणि प्रत्येक पेर स्वतंत्र रोप होऊन बसतं. म्हणून जमिनीवर ही वेल लावताना माती दाबलेली हवी. वर पालापाचोळ्याचा सैल थर असेल तर पेरं अधांतरी राहतात आणि वेल तरंगत पुढे जाते. पहिल्याच मेमध्ये अशी तरंगती वेल वाळून जाते. आमच्याकडच्या बायका लावणी झाल्यावर प्रत्येक फांदीवर दोन-तीन ठिकाणी मूठभर माती घालून हाताने दाबतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता लव्हाळा. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि मालकांना ती ऐकायची नसते. बागेसाठी लाल मातीचा ट्रक मागवला की तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतातच. माती चाळली तरी येतात. गवतात लव्हाळा एक वेळ खपून जातो, पण या वेलीत नाही. वेलीची जाळी एकदा बसली की लव्हाळ्याची पात वर दिसते आणि गाठ मात्र वीतभर खाली असते. पात ओढली तर ती तुटते आणि गाठीतून पुन्हा फुटते. गाठ खणायला गेलं तर वेलीची बसलेली पेरं उखडतात. हरळीचंही असंच, पण ती निदान वरवर धावते, दिसते, ओढता येते.

माझ्याबरोबर बराच काळ एक माळीकाका होते, सोलापूरकडचे. त्यांनी एका बागेत मला सरळ थांबवलं. रोपं आलेली, माणसं आलेली, मालक व्हरांड्यात उभे. काका म्हणाले, “ताई, आधी लव्हाळ्याला वर येऊ द्या. मग लावू.” त्यांनी सगळी जागा भिजवायला लावली आणि रोपं सावलीत ठेवून दिली. दहा-बारा दिवसांत सगळीकडे लव्हाळ्याच्या सुया वर आल्या. एकेक गाठ खुरप्याने खणून बादलीत. पुन्हा पाणी, पुन्हा सुया, पुन्हा खणणं. असे तीन हप्ते झाले तेव्हा कुठे त्यांनी लावणीला हात लावू दिला. मालक चिडले होते, आणि मला त्यांची समजूत घालताना काकांचा थोडा रागही आला होता. आज त्या बागेत लव्हाळा जवळजवळ नाही. काकांना अक्षरओळख बेताचीच होती, पण उपटलेल्या गाठी ते घराकडे नेऊन जाळायचे. कचऱ्याच्या ढिगात टाकल्या तर त्या खतातून परत येतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मातीच्या बाबतीत दुसरा हट्ट असतो तो भर घालण्याचा. झाडाखालची जमीन उंचसखल असते, मुळं वर आलेली असतात. तेव्हा फूटभर माती टाकून सपाट करा, असा आग्रह होतो. मी तो कधीच मानत नाही. झाडाचा बुंधा जमिनीतून जिथे बाहेर येतो तो भाग हवेत राहायला हवा. तो मातीत गाडला की साल कुजते, आणि याचे परिणाम दिसायला काही वर्षं लागतात. तोवर भर घालणारा निघून गेलेला असतो. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त माती आम्ही टाकत नाही. मुळांच्या मधल्या खोबणींत शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून तिथेच रोपं लावतो. मोठी मुळं उघडी राहतात ती राहू द्यावीत. दोन वर्षांनी वेल त्यांच्या बाजूंनी फिरते आणि मुळांचा आकार उलट उठून दिसतो.

अंतराचा हिशेब साधा: फुटाला एक. म्हणजे चौरस मीटरला साधारण अकरा रोपं. पण बाग करून घेणाऱ्याला गृहप्रवेशाच्या दिवशी हिरवं हवं असतं, म्हणून फुटाला चार लावा म्हणतात. लावता येतात. सुरुवातीला छान दिसतं. पण ती एकमेकांवर चढतात, दुसऱ्याच पावसाळ्यात थर जाड होतो, खालची पानं गळतात, आणि वर हिरवं, खाली काड्यांचा पोकळ थर अशी अवस्था होते. फुटाला एक लावलेली वेल पहिला पावसाळाभर काही करत नाही असं वाटतं. खरं तर ती मातीत उतरत असते. मृगाच्या पावसात लावली तर दिवाळीपर्यंत एखादी-दुसरी फांदी निघते. दुसऱ्या जूनला ती धावायला लागते, आणि तिसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस माती दिसेनाशी होते. मी हे आधीच सांगते. ज्यांना तीन पावसाळे थांबता येत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या वनस्पती आहेत.

त्या ‘दुसऱ्या’मध्ये एक वेडेलिया येते. पिवळ्या फुलांची, उन्हात-सावलीत सारखीच धावणारी, फुकट मिळणारी. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेली ही वनस्पती जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहे. तिचा तुकडा जिथे पडेल तिथे रुजतो. शहरातल्या बागेतून काढलेला तिचा कचरा ओढ्याकाठी टाकला गेला, की ओढ्याचा काठ तिचा होतो. लोणावळ्याच्या बाजूला रस्त्याकडेला हे मी पाहिलं आहे, आणि तेव्हापासून कितीही आग्रह झाला तरी ती लावत नाही. वॉल क्रीपरचे छाटही रुजतात, पण ते ओल, सावली आणि वेळ मागतात. उकिरड्यावर पडले तर वाळून जातात. तरीही छाटलेलं सगळं आम्ही बागेतच कुजवतो. डोंगरालगतच्या घरांना तर मी परदेशी वेलीऐवजी तिथली माती आणि तिथला पालाच ठेवायला सांगते.

आता कडेबद्दल. एका बागेत आंब्याखाली ही वेल फार सुंदर बसली होती. घरच्यांना ती इतकी आवडली, की ती खोडावर चढायला लागली तेव्हा त्यांनी माळ्याला छाटू दिली नाही. हिरवं खोड फोटोत छान दिसत होतं. काही वर्षांनी आंब्याची एक मोठी फांदी वाळली. वेल सोलून काढली तेव्हा आत खोडकिड्याची भोकं होती आणि भुसा साठलेला होता. उघड्या खोडावर तो भुसा पहिल्याच महिन्यात दिसला असता, तारेने अळी काढता आली असती. वेल आंब्याला मारत नाही, ती वडासारखी आवळत नाही. पण ती झाकते, आणि झाकलेलं दुखणं कळायला उशीर होतो. झाड वाचलं, अर्ध्या विस्तारावर. आता आमच्या प्रत्येक बागेत बुंध्याभोवती वीतभर रुंदीचं मोकळं कडं असतं, आणि ते दर महिन्याला साफ होतं की नाही हे मी स्वतः बघते.

भिंतीच्या कडेलाही तसंच. काळ्या दगडाच्या किंवा कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यावर ती चढली तर माझी हरकत नसते. रंगवलेल्या प्लास्टरवरून मात्र तिला ओढून काढलं की मुळांच्या खुणा आणि रंगाचे पोपडे राहतात. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं ती सहज गिळून टाकते, मग तुंबल्यावर झाकण शोधत फिरायचं. इमारतींच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागांमध्ये, मी तिला नकार देते. तिथे मातीच्या कडेला वॉटरप्रूफिंग उभं चढवलेलं असतं, आणि बारीक फट सापडली की ही वेल तिथे मूळ घालते. खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली की पुढची भांडणं कोणालाच नको असतात.

छाटणीचं वेळापत्रक आमच्याकडे आता ठरून गेलं आहे. कड महिन्यातून एकदा. पूर्ण गादी, जूनच्या सुरुवातीला, कात्रीने सपाट. इतकी खाली की घरची माणसं धास्तावतात. पंधरा दिवसांत तांबूस कोवळी पानं येतात आणि ती नेहमीपेक्षाही बारीक असतात. मे महिन्यात ही छाटणी कधीच करू नये. उघडी पडलेली पेरं उन्हात भाजतात.

आणि छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे. एका तरुण माळ्याने भर दुपारी बाह्या वर सारून ही वेल छाटली. संध्याकाळी काही नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातांवर भाजल्यासारखे लाल पट्टे आणि फोड आले. डॉक्टरांनी विचारलं, चीक लागल्यावर उन्हात होतास का? या चिकातल्या काही द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की त्वचा जळते. फोड बरे झाले, काळे डाग बरेच महिने राहिले. त्याच्या घरी लग्न ठरत होतं आणि तो ते हात लपवत होता, याचं मला फार वाईट वाटलं. आता ही छाटणी आम्ही ढगाळ दिवशी किंवा ऊन कलल्यावर करतो, आणि पाण्याची बादली व साबण तिथेच ठेवतो.

ऊन हा तिचा शत्रू नाही, पण तापलेली भिंत आहे. पश्चिमेच्या भिंतीच्या पायथ्याशी, जिथे चार वाजता हात टेकवत नाही, तिथे तिची पानं एप्रिलमध्ये करपतात. कितीही पाणी घाला. तिथे मी रिओ लावते आणि विषय संपवते. या वेलीचीच पांढऱ्या कडेच्या पानांची जात एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात पाहून लोक मागतात. ती सावलीत फार देखणी दिसते. पण तिच्यात मधूनच पूर्ण हिरवी फांदी निघते, ती दुप्पट वेगाने वाढते आणि पाहता पाहता सगळी गादी हिरवी करते. हिरवी फांदी दिसताक्षणी मुळापासून काढायची. रोज बागेत फेरी मारणाऱ्या माणसानेच ही जात घ्यावी.

पाचोळ्याचंही सांगते, कारण यावरून घराघरांत कुरबुरी होतात. गुलमोहराची बारीक पर्णिका या वेलीत झिरपून जाते आणि तिथेच कुजते. आंब्याचं पान वर बसून राहतं. खराटा मारला की फांद्या ओढल्या जातात. आंब्याखाली पानं हाताने वेचावी लागतात, निदान मोहरानंतरच्या मोठ्या पानगळीत तरी. कामाच्या बाईंवर हे आणखी एक काम येऊन पडतं, म्हणून लावण्याआधी ते कोण करणार हे ठरवून घ्यायला मी सांगते.

सापाची भीती प्रत्येक घरात निघते. ती चुकीची नाही. गादी जाड, खाली पोकळ झाली की उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप येतो. सपाट छाटलेल्या, मातीला चिकटलेल्या वेलीत लपायला जागाच राहत नाही. तरी मुलांच्या वाटेवर आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आम्ही ती लावत नाही. तिथे शहाबादी फरशी आणि उघडी जागा. बाकी बागेत तिच्याखाली बेडूक असतात, सापसुरळ्या असतात, पावसाळ्यात शंखी गोगलगाई असतात. भारद्वाज सकाळी तिच्यावरून सावकाश चालत गोगलगाई शोधतो. हे पाहिल्यावर बऱ्याच घरांतली ‘हे सगळं काढून फरशी घाला’ ही मागणी आपोआप मागे पडली, आणि झाडाखालची ओलसर जमीन टिकली. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान यातच मिळतं. शहरात उघडी माती दर वर्षी कमी होते आहे. झाडाच्या घेराखाली पावसाचं पाणी मुरायला जेवढी जागा उरली आहे, तेवढी तरी सिमेंटखाली जाऊ नये, यासाठी मी भांडायलाही तयार असते.

सध्या एका शाळेच्या आवारात वर्षावृक्षाखालच्या जागेचं काम हातात आहे. सगळीकडे वेल लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ही वेल पायाखाली टिकत नाही, आणि मुलं तिथे मधल्या सुट्टीत खेळतात. मी मधली माती तशीच ठेवायला सांगितली आहे, तिथे मुलांनी खेळावं. वेल फक्त कुंपणाकडच्या उताराला, जिथून माती वाहून जाते. रोपं निवडून सावलीत ठेवली आहेत, मृगाच्या सरी पडल्या की लावणी. लव्हाळ्यासाठी पहिलं पाणी मार्चमध्येच दिलं होतं. आत्तापर्यंत दोनदा खणून झालं आहे, तिसऱ्या वेळेच्या सुया या आठवड्यात वर आल्या आहेत.